कंटेम्पररी डान्समध्ये फ्लो: नव्याने नाचू लागलेल्यांसाठी

कंटेम्पररीच्या क्लासला जायला लागून काही महिने झाले की एखाद्या संध्याकाळी असं होतं: पुढची मूव्हमेंट आठवावी लागत नाही, आरशाकडे लक्ष जात नाही, पाय नेमके पडायचे तिथे पडतात, आणि टीचर ‘थांबा’ म्हणतात तेव्हा एवढा वेळ गेला यावर विश्वास बसत नाही. दुसऱ्या दिवशी तेच परत आणायला जावं, तर अंग जड, डोक्यात काउंट आणि नजर घड्याळाकडे.

मानसशास्त्रात त्या पहिल्या संध्याकाळच्या अवस्थेला फ्लो म्हणतात. ती हुकमी आणता येत नाही. पण ती यायला काय काय जुळून यावं लागतं, हे बऱ्यापैकी माहीत आहे, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या हातातलं आहे. आधी थोडी माहिती घेऊ, मग खोलीत जाऊन करायचं काम.

फ्लो म्हणजे नेमकं काय

मिहाय चिक्सेंटमिहाय हे हंगेरियन वंशाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. १९६०च्या दशकात ते चित्रकारांचा अभ्यास करत होते. ही मंडळी चित्र काढताना तहानभूक विसरायची, आणि चित्र पुरं झालं की त्यातला त्यांचा रस संपायचा. लगेच पुढचं चित्र सुरू. म्हणजे ओढ तयार चित्राची नव्हती, काढण्याची होती. मग त्यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यविशारद आणि नाचणारे अशा निरनिराळ्या लोकांना तोच प्रश्न विचारला: हे करताना नेमकं काय वाटतं? त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७५ साली आलं. क्षेत्रं इतकी वेगळी, पण वर्णनं एकमेकांशी फार जुळत होती.

पुढे त्यातून फ्लोची नऊ लक्षणं मांडली गेली. नवशिक्याने त्यांचे दोन ढीग करावेत. पहिल्या ढिगात तीनच गोष्टी: आत्ता काय करायचंय हे स्पष्ट असणं, ते जमतंय की नाही हे त्याच क्षणी कळणं, आणि काम आपल्या आवाक्याच्या जरासं पुढचं असणं. या झाल्या अटी. उरलेल्या सहा गोष्टी म्हणजे परिणाम: एकाग्रता, स्वतःचं भान सुटणं, करणं आणि जाणणं एक होणं, वेळेचा अंदाज चुकणं, सगळं आपल्या ताब्यात आहे असं वाटणं, आणि ती गोष्ट तिच्यासाठीच करावीशी वाटणं.

बहुतेक जण दुसऱ्या ढिगाच्या मागे लागतात. डोळे मिटून ‘आता स्वतःला विसरायचं’ असं स्वतःलाच बजावत उभे राहतात. बजावणारा जागा असताना विसरणार कोण? काम पहिल्या ढिगावर करायचं.

मेंदूत तेव्हा काय होतं, यावर मेंदूचे अभ्यासक आर्ने डीट्रिश यांनी २००४ साली एक कल्पना मांडली: कपाळामागचा मेंदूचा जो भाग आपल्यावर देखरेख ठेवतो, त्याचं काम तेवढ्यापुरतं मंदावतं आणि सरावाने मुरलेल्या हालचाली मोकळ्या होतात. हे अजून गृहीतकच आहे, पण त्यातली ‘सरावाने मुरलेल्या’ ही अट लक्षात ठेवा. जी फ्रेज (सलग हालचालींचा छोटा तुकडा) अजून पाठच नाही, तिच्यात फ्लो येत नाही.

कंटेम्पररीत घोळ कुठे होतो

कथक शिकलेल्यांना हे लगेच कळेल. तिथे लेहरा (तालाचं आवर्तन धरून ठेवणारी सुरावट) चालू असतो, तुकड्याचे बोल आधी तोंडाने म्हणायचे आणि मग ते नाचायचे असतात, आणि तुम्ही समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आलात की नाही हे त्या क्षणी तुम्हाला, तबलजीला आणि समोर बसलेल्या सगळ्यांना कळतं. लक्ष्यही स्पष्ट आणि निकालही तिथल्या तिथे. लावणीत ढोलकी हेच काम करते. पहिल्या ढिगातल्या दोन अटी तालानेच भागवलेल्या असतात.

कंटेम्पररीत अनेकदा ताल नसतो, ठरलेल्या मुद्रा नसतात, बरोबर-चूक सांगणारी सम नसते. टीचर म्हणतात, ‘पाच मिनिटं इम्प्रोव्हाइज करा,’ म्हणजे सुचेल तसं नाचा, आणि वर्गातला निम्मा ग्रुप हात हवेत फिरवत एकमेकांकडे चोरून बघतो. यात प्रतिभा कमी पडलेली नसते. कामच दिलेलं नसतं. काय करायचंय ते माहीत नाही आणि जमतंय का हेही कळत नाही, म्हणून मन रिकामं राहतं, आणि रिकामं मन पहिला प्रश्न विचारतं: मी कसा दिसतोय?

टीव्हीच्या रिअॅलिटी शोंनी यात भर घातली आहे. तिथे कंटेम्पररी म्हणजे उंच उडी, लिफ्ट (जोडीदाराला उचलणं) आणि शेवटी रडू. ते करणाऱ्यांची मेहनत खरी असते, त्याबद्दल वाद नाही. पण नवशिक्या भावनेपासून सुरुवात करतो आणि अडकतो, कारण ‘दुःखी व्हा’ हे काम जमलं की नाही हे शरीराला कळायला काही मार्गच नसतो.

तेव्हा कंटेम्पररीत फ्लो हवा असेल तर आपली सम आपणच ठरवावी लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: जमीन, कपडे, फोन

स्टुडिओतली चांगली जमीन लाकडी आणि किंचित लवचीक असते, उडीचा धक्का ती झेलते. घरच्या टाइल्स तो धक्का सरळ गुडघ्याला परत देतात. म्हणून घरी उड्या नकोत; उभं, बसकं आणि जमिनीवरचं संथ काम करा. योगा मॅटवर गिरक्या घेऊ नका. पाय तिला चिकटतो, वरचं अंग फिरतं आणि पीळ गुडघ्यात बसतो. सतरंजी उलट सरकते. साधी कोरडी फरशी आणि व्हॉलीबॉलवाले वापरतात तसे नीपॅड, एवढं पुरतं. पावसाळ्यात फरशीला ओल धरते, तेव्हा आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

अंगात पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि लांब ट्रॅक पँट असू द्या. घामेजलं अंग जमिनीवर घासलं की साल निघते, आणि चरचरणाऱ्या कोपराने कोणाचीही एकाग्रता टिकत नाही. पाय अनवाणी. जेवून निदान दोन तास झालेले असावेत.

फोन एअरप्लेन मोडवर टाकून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. टायमर म्हणून चालेल, कॅमेरा म्हणून नको. रेकॉर्डिंग सुरू आहे एवढं माहीत असणं म्हणजे खोलीत प्रेक्षक बसवणं. घरच्यांनाही सांगून ठेवा. मध्येच दार उघडून ‘दूधवाल्याचे पैसे दिलेस का?’ असं कोणी विचारणार असेल, तर अर्धं लक्ष दाराकडेच राहतं.

आरसा असेल तर त्यावर चादर टाका. ओहाद नाहारिन या इस्रायली नृत्यदिग्दर्शकाने घडवलेल्या ‘गागा’ पद्धतीच्या वर्गात आरसे नसतात, बघे बसू देत नाहीत आणि वर्ग सुरू झाला की कोणी थांबत नाही. तीनही नियम घरी पाळता येतात. आरसा वाईट असतो असं नाही; रेषा तपासायला तो लागतोच. पण आरशातून मिळणारी माहिती उशिरा येते आणि बाहेरून येते. मान वळवून बघेपर्यंत तो क्षण गेलेला असतो.

मग पंधरा मिनिटं वॉर्मअप. तो टाळून थेट फ्लोच्या शोधात निघणाऱ्यांना फिजिओथेरपिस्ट सापडतो.

पायरी २: नुसते उभे राहा

स्टीव्ह पॅक्स्टन या अमेरिकी नर्तकाने १९७२ साली कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन सुरू केलं. दोन शरीरं वजनाची देवाणघेवाण करत नाचतात, असा तो प्रकार. त्याच्या मुळाशी एक अगदी गरीब दिसणारा सराव आहे, ज्याला पॅक्स्टन ‘स्मॉल डान्स’ म्हणत: उभं राहायचं आणि बाकी काही करायचं नाही.

पाय कमरेइतक्या अंतरावर ठेवा, गुडघे मागे ताणून कुलूपबंद करू नका, हात सैल सोडा. टायमर पाच मिनिटांचा. पहिलं मिनिट कंटाळ्याचं जाईल. मग लक्षात येईल की तुम्ही स्थिर नाहीच. शरीराचं वजन घोट्याच्या किंचित पुढे पडत असतं, म्हणून पोटऱ्या सतत थोडंथोडं खेचून तुम्हाला सावरत असतात. तोल पंजावर जातो, टाचेवर येतो, डावीकडे कलतो. तुम्ही काही करत नाही आणि तरी हालचाल चालू असते. ती फक्त बघा. दुरुस्त करू नका, वाढवूही नका. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच खाली बसा.

माझ्या मते नवशिक्याने करण्यासारखा यापेक्षा उपयोगी सराव नाही, आणि सगळ्यात जास्त टाळला जातो तोही हाच. तुमची सम कुठे आहे हे इथे कळतं: तळव्यावरचा दाब, श्वास, तोल. ही माहिती क्षणाक्षणाला येत असते आणि त्यासाठी कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ती ऐकायची सवय लागली की पुढच्या प्रत्येक कामात निकाल कळायला लागतो.

पायरी ३: स्वतःला काम द्या

कंटेम्पररीवाल्यांच्या बोलण्यात ‘टास्क’ हा शब्द सारखा येतो. चांगला टास्क ओळखायची कसोटी सोपी आहे: नाचत असताना कोणत्याही क्षणी ‘आत्ता मी तो करतोय का?’ याचं उत्तर हो किंवा नाही असं देता आलं पाहिजे. ‘मोकळं व्हा’ हा टास्क नाही. ‘उजवं कोपर एक क्षणही थांबायचं नाही’ हा आहे. ‘पाण्यासारखे वाहा’ याने काही होत नाही. ‘उभ्यापासून पाठीवर आडवं होईपर्यंत दोन मिनिटं लावायची आणि तळहात जमिनीला लागू द्यायचे नाहीत’ याने लगेच डोकं आणि मांड्या दोन्ही कामाला लागतात.

सुरुवातीला तीन प्रकार करून बघा.

पहिला अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका ट्रिशा ब्राउन यांच्याकडून घेतलेला. १९७१ सालच्या ‘अक्युम्युलेशन’ या त्यांच्या एकल नृत्याची रचना लहान मूलही समजू शकेल अशी आहे: एक हालचाल करा, मग पहिली आणि दुसरी, मग पहिली, दुसरी, तिसरी. त्यांची सुरुवात होती अंगठे फिरवण्यापासून. तुम्हीही तेवढंच साधं काही घ्या. मनगट फिरवणं. मग त्याला खांदा उचलणं जोडा. मग वजन डाव्या पायावर. प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करायचं आणि शेवटी एकच नवी हालचाल जोडायची. विसरलात तर एक पायरी मागे या. सातआठ हालचालींपर्यंत पोचलात तरी खूप झालं.

हे इतकं चांगलं का चालतं बघा. काम स्पष्ट आहे. चुकलात तर तत्काळ कळतं. आणि कठीणपणा आपोआप, एकेका घासाने वाढतो. तुम्ही जितके पुढे जाल तितकाच. फ्लोच्या तीनही अटी रचनेतच बसवलेल्या आहेत. पुढे ब्राउन हेच नृत्य करताना बोलायलाही लागल्या, प्रेक्षकांना गोष्टी सांगत नाचायच्या. सातआठ हालचाली अंगात बसल्या की तुम्हीही आज दिवसभरात काय झालं ते मोठ्याने सांगत करून बघा. वाटतं त्याहून फार अवघड आहे.

दुसरा प्रकार रेषांचा. नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथ फ्रँकफर्टच्या बॅले कंपनीत असताना नर्तकांना हवेत बिंदू आणि रेषा कल्पायला लावत, आणि ती पद्धत त्यांनी १९९०च्या दशकात सीडीरॉमवर समजावून सांगितली. घरी असं करा: उजव्या तर्जनीने समोर एक आडवी रेघ ओढा. ती तिथे आहे असं धरा. आता डाव्या कोपराने ती पार करा, मग गुडघ्याने, मग तिच्याखालून डोकं काढा. रेघ हलता कामा नये. थोड्या वेळाने खोलीत अशा चारपाच रेघा होतात आणि मी कसा दिसतोय हे आठवायला सवड उरत नाही.

तिसरा अगदी साधा. अंगाचा कुठला तरी एक भाग नेहमी जमिनीला लागलेला असला पाहिजे, आणि तो दर तीन श्वासांनी बदलायचा, पण पावलं सोडून. पाठ, खुबा, दंड, नडगी, गाल. जमीन टणक आहे. ती तुम्हाला प्रत्येक क्षणी सांगते की वजन नीट सोडलंय की धरून ठेवलंय. हाड ठणकलं तर धरून ठेवलंय.

एका बैठकीत एकच टास्क, निदान दहा मिनिटं. दोनतीन मिनिटांनी ‘झालं माझं करून’ असं वाटेल. खरं काम तिथून पुढे सुरू होतं, कारण सवयीच्या हालचाली तोवर संपलेल्या असतात.

पायरी ४: कठीणपणाचा कान पिळत राहा

काम फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर भीती वाटते. फ्लोची पट्टी या दोहोंच्या मधली, आणि अरुंद. शिवाय ती सरकत राहते. काल जे अवघड होतं ते आज सोपं झालेलं असतं. कालचा फ्लो आज येत नाही याचं सगळ्यात साधं कारण अनेकदा हेच असतं.

शरीर दोन्हीकडच्या खुणा देतं. हालचाल चालू आहे आणि डोक्यात उद्याच्या डब्याला भाजी काय, तर काम सोपं झालंय. श्वास अडकलाय, जबडा आवळलाय, नजर जमिनीला खिळलीय, तर काम अवघड झालंय. दोन्ही वेळा थांबू नका, एकच गोष्ट बदला: वेग, उंची, दिशा, हालचालीचा आकार किंवा नजर. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला हे कळत नाही.

अवघड करायचं म्हणजे वेग वाढवायचा, ही समजूत मात्र टाका. नृत्यदिग्दर्शिका चंद्रलेखा (त्यांचा जन्म आपल्याकडचाच, महाराष्ट्रातल्या वाडा गावचा) यांचं ‘शरीर’ हे गुंदेचा बंधूंच्या ध्रुपदाबरोबर सादर झालेलं नृत्य अतिशय संथ आहे, आणि त्या संथपणाला लागणारी ताकद नाच न कळणाऱ्यालाही जाणवते. तुमची एखादी आठ काउंटची फ्रेज घ्या आणि तिला पूर्ण एक मिनिट लावा. वेगात जे झाकलं जात होतं ते सगळं उघडं पडेल.

डोळे मिटून करायचं तर खोलीत दुसरं कोणीतरी हवं. नृत्यशिक्षिका मेरी व्हाइटहाउस यांनी १९५०च्या दशकात घडवलेल्या पद्धतीत एक जण डोळे मिटून हलतो आणि दुसरा साक्षीदार म्हणून बसतो. भिंत जवळ आली तर तो सावधही करू शकतो. घरी त्याचं काम बहीण करेल, फक्त तिला हसायची परवानगी देऊ नका.

ठरलेली फ्रेज असेल तर आधी ती पाठ व्हायला हवी, आणि त्यासाठी दर वेळी पूर्ण ताकदीने नाचायची गरज नाही. हातांनी, अर्ध्या अंगाने, मनातल्या मनात काउंट म्हणत करणं याला मार्किंग म्हणतात. टीचर कधीकधी त्याला आळस समजतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॅले नर्तकांनी मार्किंग करून बसवलेला भाग पूर्ण ताकदीने बसवलेल्या भागापेक्षा सरस झाला होता. क्रम आठवणं आणि जोर लावणं ही दोन ओझी एकदम उचलावी लागत नाहीत, असं त्याचं स्पष्टीकरण. क्रम अंगात बसला की मग फुल-आउट, म्हणजे पूर्ण ताकदीने.

पायरी ५: लक्ष अंगावरून उचला, जगावर ठेवा

१९९८ साली संशोधक गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कीइंगसारख्या यंत्रावर लोकांना शिकवलं. काहींना सांगितलं, आपल्या पायांकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, पायाखालच्या चाकांकडे लक्ष द्या. अंतर काही सेंटिमीटरचं. पण चाकांकडे लक्ष देणारे चांगलं शिकले. नंतर अनेक खेळांत आणि कौशल्यांत असंच आढळलं.

नाचात याचा उपयोग सूचना बदलून होतो. ‘गुडघा सरळ कर’ याऐवजी ‘जमीन खाली ढकल’. ‘हात लांब’ याऐवजी ‘पलीकडच्या भिंतीला बोटं लावायला निघ’. ‘खांदे खाली’ याऐवजी ‘बाह्या जड आहेत, ओघळू देत’. टीचरने दिलेली सूचना मनातल्या मनात अशी फिरवून घ्यायची सवय लावा. एखादी रचना अगदी पहिल्यांदा शिकताना, किंवा घोटा वाकडा पडतोय म्हणून टीचर थांबवतात तेव्हा, अंगाकडेच बघायचं. ते दुरुस्तीचं काम आहे आणि त्याची वेळ वेगळी ठेवावी.

मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांनी १९८४ साली दाखवलेली गोष्ट याला जोडून येते: दडपण आलं की माणूस आपण ते कसं करतोय याकडे जाणीवपूर्वक बघू लागतो आणि नेमकं त्यानेच मुरलेलं कसब मोडतं. रोज जमणारी गिरकी परीक्षेच्या दिवशी का जात नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे मिळतं.

संगीताचं थोडक्यात

सुरुवातीला शब्द असलेली गाणी नकोत. शब्द आले की हात त्यांचा अर्थ दाखवायला लागतात: ‘दिल’ म्हटलं की छातीवर, ‘आसमान’ म्हटलं की वर. आधी शांततेत, श्वासावर करा. मग तानपुऱ्याचं अॅप लावा. ताल नाही, शब्द नाहीत, पण खोली भरून राहते. ठेका असलेलं संगीत सगळ्यात शेवटी. नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी नृत्य आणि संगीत स्वतंत्रपणे रचायची पद्धत रूढ केली होती, आणि कितीतरी वेळा नर्तक ते संगीत पहिल्या प्रयोगातच ऐकायचे. तेवढं टोकाला जायला नको. पण अधूनमधून संगीत बंद करून बघा. फ्रेज कोसळली तर नाच गाणंच करत होतं.

पायरी ६: दुसऱ्या माणसाबरोबर

ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना ठाऊक आहे की काही गोष्टी एकट्याने होतच नाहीत. जोडीच्या नाचातही तसंच असतं. समोरच्याचं वजन ही तर हलती सम असते: तो झुकला की तुम्हाला उत्तर द्यावंच लागतं, विचार करायला वेळ नसतो.

आधी बोलून घ्या. कुठे हात लागलेला चालणार नाही, कुठे दुखणं आहे. ‘थांब’ म्हटलं की दोघांनी थांबायचं, कारण विचारायचं नाही. नखं कापलेली, घड्याळ, अंगठ्या, बांगड्या, जोडवी, गळ्यातलं सगळं काढून ठेवलेलं. मग पाठीला पाठ लावून बसा, पाय जमिनीवर रोवा, एकमेकांच्या पाठीवर थोडं वजन टाका आणि हात न टेकता दोघं मिळून उठा. एकाने जास्त जोर लावला की दुसरा पुढे कलंडतो, ताबडतोब कळतं. हे जमेपर्यंत लिफ्टचं नाव काढू नका.

पकडू नका. मूठ आवळली की तुमच्या हाताला त्याचं वजन कळेनासं होतं, आणि पडायची वेळ आली तर त्याला नीट पडताही येत नाही.

स्टेजवर

केट हेफरन आणि स्ट्युअर्ट ऑलिस या संशोधकांनी व्यावसायिक नर्तकांच्या मुलाखती घेऊन २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फ्लोला काय मदत करतं, याच्या उत्तरांत आत्मविश्वास, संगीत आणि प्रयोगाआधीचा ठरलेला क्रम अशा गोष्टी होत्या. त्यातला क्रम तुमच्या हातात आहे. वॉर्मअप, पाच मिनिटं स्मॉल डान्स, पाणी, एकदा मार्किंग. दर वेळी याच क्रमाने. विंगेत उभं राहून सगळा नाच आठवू नका. पहिल्या आठ काउंटचा टास्क तेवढा आठवा.

आणि कॉस्च्युम घालून, त्या जमिनीवर, त्या लाइटमध्ये एकदा तरी करून घ्या. बाजूने येणाऱ्या लाइटमुळे समोरचा अंधार गडद होतो, गिरकीत नजर टेकवायला जागा उरत नाही आणि तोल जातो. स्टेजवर ज्याला भीती समजलं जातं, त्यातली कितीतरी भीती लाइटची असते.

फ्लोवर किती विश्वास ठेवायचा

फार नाही. फ्लोमध्ये दुखणं जाणवत नाही, म्हणून टायमर लावायचाच आणि तो वाजला की थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच बाजूचा गुडघा किंवा कंबर दुखत असेल, तर काल काय केलंत ते तपासा. स्नायू आंबणं आणि सांधा दुखणं यातला फरक शिकून घ्या.

दुसरं म्हणजे, तुम्हाला छान वाटलं म्हणून नाच चांगला झाला असं ठरत नाही. प्रत्येकाच्या अंगात लाडक्या हालचाली असतात, कोणाची गिरकी, कोणाचं जमिनीवर लोळणं, आणि त्या करताना भान हरपणं सगळ्यात सोपं जातं. प्रेक्षकाला मात्र तेच ते दिसतं. म्हणून ‘कॅमेरा नको’ हा नियम आठवड्यातून एकदा बाजूला ठेवून रेकॉर्डिंग करा, पण बघा दुसऱ्या दिवशी. रडू आलं तर तेही ठीक आहे, फक्त त्याला फ्लो म्हणू नका. ते वेगळं काहीतरी आहे आणि कधीकधी थांबून पाणी पिण्याची खूण असते.

रोजच्या सरावानंतर वहीत तीन ओळी लिहा: टास्क काय होता, लक्ष कुठे सुटलं, उद्या काय बदलायचं. ‘मस्त वाटलं’ लिहू नका, त्यातून उद्यासाठी काही मिळत नाही. ज्या दिवशी झोप झालेली नाही किंवा घरात भांडण झालंय, त्या दिवशी फ्लोची वाट बघत बसू नका. प्लिए (गुडघे वाकवून खाली जाणं), रोल, पाठीचा व्यायाम असं कोरडं काम उरकून घ्या. तेही मुरतंच.

पायरी ७: कोणाला तरी दाखवा

दोनतीन महिन्यांनी तुमच्याकडे एखादी तीन मिनिटांची गोष्ट तयार होईल. ती दोघाचौघांना दाखवा, पण ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्याला ‘छान’ हेच उत्तर येतं. अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांची चार टप्प्यांची रीत वापरा. आधी बघणाऱ्यांनी फक्त काय लक्षात राहिलं, काय भावलं ते सांगायचं. मग तुम्ही नेमके प्रश्न विचारायचे, उदाहरणार्थ ‘मी खाली गेले ते पडल्यासारखं दिसलं की बसल्यासारखं?’ तिसऱ्या टप्प्यात त्यांनी प्रश्न विचारायचे, पण प्रश्नात मत लपवायचं नाही; ‘एवढं हळू का?’ हे मत झालं, ‘वेग कसा ठरवलास?’ हा प्रश्न झाला. आणि मत द्यायचंच असेल तर अगदी शेवटी, तेही आधी परवानगी मागून: ‘शेवटाबद्दल मला काही म्हणायचंय, ऐकायचंय का?’ तुम्ही ‘आज नको’ म्हणू शकता.